अक्रोडाचा दस्ता : ग्रेड बघायची की रेषा? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बंदुकीच्या लाकडाबद्दल, म्हणजे खांद्याला टेकवतो त्या दस्त्याबद्दल, थोडं लिहिलं होतं, त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अगदी पलीकडून चंदगड-गडहिंग्लजकडूनसुद्धा पत्रं आणि मेसेज आले. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापत नाही, कुणाच्या घरी बंदूक आहे हे चारचौघांना कळायची काही गरज नाही.

प्रश्न (निपाणी) : सर, वडिलांची बाराबोर दुनळी हाय, नळ्या ठणठणीत खरं दस्ता पार गेलाय. परवाना असलेल्या कारागिराकडनं नवीन बसवून घ्यायचाय. ऑनलाइन तुर्की अक्रोडाचे ठोकळे बघितले तर एकजण म्हणतोय डबल ए, दुसरा म्हणतोय ग्रेड चार, तिसरा म्हणतोय एक्झिबिशन. फोटो सगळ्यांचेच भारी आणि किमतीत चौपट-पाचपट फरक. कुठल्या ग्रेडचा घ्यावा?

उत्तर : दादा, पहिलं हे पक्कं लक्षात ठेवा की अक्रोडाच्या ग्रेडला सगळ्या जगात चालेल असं एकच माप नाही. सोन्याला हॉलमार्क असतो तसलं काही इथं नाही, विकणारा स्वतःच्या डोळ्यानं ठरवतो आणि शिक्का मारतो. कुणी ए, डबल ए, ट्रिपल ए लावतो, कुणी आकडे लावतो, अमेरिकेत स्टँडर्ड, सेमी फॅन्सी, फॅन्सी, एक्स्ट्रा फॅन्सी आणि सगळ्यात वर एक्झिबिशन अशी उतरंड चालते. त्यामुळं एकाचा ट्रिपल ए दुसऱ्याच्या दुकानात नुसता फॅन्सी म्हणून पडलेला असू शकतो. दोन वेगळ्या विक्रेत्यांच्या ग्रेड एकमेकांशी लावून बघण्यात अर्थच नाही, एकाच विक्रेत्याच्या दोन ठोकळ्यांत तेवढी तुलना होते.

आणि ही ग्रेड मोजते काय, तर मुख्यतः नक्षी. लाकडात रंगाचा खेळ किती, काळ्या रेघा किती, आडव्या लाटा किती, आणि ही नक्षी ठोकळ्याच्या किती भागावर पसरलीय, एकाच बाजूला आहे की दोन्ही बाजूंना. साध्या ग्रेडला सरळ रेषा (म्हणजे लाकडाचे धागे) आणि एकसारखा तपकिरी रंग असतो, वर जाल तशी नक्षी वाढत जाते. आडव्या लाटा असतात त्याला फिडलबॅक म्हणतात, उजेडात तिरपं धरलं की त्या हलल्यासारख्या दिसतात. झाडाच्या बेचक्यातनं, म्हणजे दोन फांद्या फुटतात तिथनं कापलेल्या लाकडात पिसासारखी नक्षी येते, ती सगळ्यात महाग जाते. चांगला एक्झिबिशन ठोकळा परदेशात हजार डॉलरच्या वर सहज जातो.

खरं बंदूक धरून ठेवते ती नक्षी नव्हे. दस्त्यातली सगळ्यात बारीक जागा म्हणजे मूठ, ट्रिगरच्या मागं जिथं तुमचा हात आवळतो ती. बार सुटला की मागं येणारा सगळा दणका ॲक्शनमधनं, म्हणजे नळ्या आणि दस्ता यांच्या मधल्या लोखंडी भागातनं, लाकडाच्या तोंडावर येतो आणि तिथनं मुठीतनं खांद्याकडं जातो. तिथं लाकडाच्या रेषा पुढून मागं अखंड गेलेल्या पाहिजेत, मुठीच्या वळणाबरोबर वाहत गेलेल्या. त्या तिरप्या वर किंवा खाली कापल्या जात असतील तर आज ना उद्या लाकूड त्याच तिरप्या रेषेवर चिरणार, मग ग्रेड एक्झिबिशन असो नाहीतर आणखी काही. वरून बघितलं तरी रेषा नळ्यांच्या दिशेनं सरळ पाहिजेत, एका बाजूला पळणाऱ्या नकोत. जाणते कारागीर म्हणून ठोकळ्यावर दस्त्याच्या आकाराचा साचा ठेवताना आधी मूठ बसवतात आणि नक्षी मागच्या भागात, गालाच्या आणि खांद्याच्या बाजूला जाईल तेवढी जाऊ देतात. बेचक्याची नक्षी मुठीत आली असेल तर तो ठोकळा कितीही देखणा असला तरी मी हात लावणार नाही, कारण तिथं रेषा चारी दिशांना पळालेल्या असतात.

आता फोटोचं. लाकूड स्पिरिटनं ओलं करून फोटो काढतात, तेव्हा रंग खुलतो, त्यात लबाडी नाही, पॉलिश झाल्यावर लाकूड साधारण तसंच दिसतं. खरं तुम्ही विक्रेत्याला सांगून दोन्ही बाजू, वरची कड, खालची कड आणि दोन्ही टोकं एवढे सगळे फोटो मागवा. खरी गोष्ट कडा सांगतात. वरच्या कडेला रेषा मुठीच्या जागी आडव्या तुटत असतील तर पुढं बोलूच नका. टोकाला केसासारखी चीर दिसते का बघा, मेण लावून ती झाकलेली असू शकते. गाठ मुठीत किंवा तोंडाजवळ नको. कडेला फिकट पट्टा असेल तर ते बाहेरचं कच्चं लाकूड, त्याला कीड लवकर धरते आणि रंगही जुळत नाही. आणि पुढचा तुकडा, नळ्यांखालच्या फोरएंडचा, त्याच झाडाचा मिळतोय का विचारा, नाहीतर दस्ता एका रंगाचा आणि पुढचं लाकूड दुसऱ्याच रंगाचं होतं.

तुमच्या कामाला, म्हणजे घरात वापरात असलेल्या जुन्या दुनळीला, मधल्या ग्रेडचा सरळ मुठीचा ठोकळा भरपूर झाला. पैसे उरले तर ते बसवणाऱ्या कारागिराला द्या, कारण लाकूड ॲक्शनला सगळीकडनं टेकलं नाही तर सगळा दणका एका कोपऱ्यावर जातो आणि दस्ता टँगच्या मागं फुटतो. टँग म्हणजे ॲक्शनची ती मागची लोखंडी जीभ, तिच्या शेवटाला लाकडात कागदाएवढी फट सोडलेली असली पाहिजे. ही फट नसते तिथं ती जीभ पाचरीसारखी लाकडात घुसते. नवीन दस्ता ताब्यात घेताना ही फट आहे का ते डोळ्यानं बघून घ्या, लाजू नका.

प्रश्न (खानापूर तालुका) : आमच्याकडं शेतराखणीच्या लायसनवर आजोबांच्या वेळची बंदूक हाय. डुकरं भातात आणि उसात शिरत्यात म्हणून ठेवलेली. मुठीजवळ तडा गेलाय. गावातला सुतार म्हणतोय शिसवीचा दस्ता करून देतो, अक्रोडापेक्षा दणकट होतंय. करू काय?

उत्तर : मामा, आधी कायद्याचं बोलतो. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो. सुताराच्या हाताला कितीही गुण असला तरी बंदूक त्याच्याकडं सोडून येऊ नका, तुम्हीही अडकाल आणि तो बिचाराही. परवाना असलेल्या दुकानदाराकडं नाहीतर कारागिराकडंच जा आणि लायसन बरोबर न्या. आणि बंदूक शेतराखणीची असली म्हणून डुकरावर बार टाकायची मोकळीक मिळते असं नव्हे, वन्यजीव कायदा वेगळा आहे, ती परवानगी वनखात्याकडनं वेगळी घ्यावी लागते.

आता लाकूड. शिसवी कडक आहे, टिकाऊ आहे, त्यात वादच नाही, आपल्याकडची जुनी कपाटं-पलंग अजून बघा. खरं दस्त्याला नुसता कडकपणा चालत नाही. अक्रोडाचं एक घनमीटर लाकूड साधारण 640 किलो भरतं, शिसवीचं 830 च्या आसपास. म्हणजे पाऊण किलोचा दस्ता शिसवीचा केला तर जवळजवळ पाव किलोनं जड होणार. हे वजन सगळं मागं पडतं, बंदुकीचा तोल बिघडतो, खांद्याला लावली की नळ्या वर उठल्यासारख्या वाटतात. साग वजनाला अक्रोडाच्या जवळ आहे, खरं तो धाग्यावर पटकन चिरतो, त्यात सिलिका असतं म्हणून हत्यारांची धार जाते, आणि तेलकट असल्यामुळं वरचं पॉलिश नीट धरत नाही. अक्रोड जगभर बंदुकीला का गेला तर तो दणका खातो, एकदा नीट वाळला की पावसाळ्या-उन्हाळ्यात फार फुगत-आकसत नाही, आणि त्यावर पकडीसाठी मुठीची बारीक जाळी कोरली तर कण उडत नाहीत. हे तिन्ही गुण एका लाकडात क्वचित मिळतात.

तडा गेलाय म्हणून लगेच नवीन दस्ता करायचा असंही नाही. दस्ता काढल्यावर लाकडाचं तोंड बघायला सांगा. ते काळं, मऊ, नखानं दाबलं तर खळगा पडतोय असं असेल तर वर्षानुवर्षं तेल मुरलेलं आहे. आपल्याकडं बंदूक नळ्या वर करून उभी ठेवायची सवय, आणि पुसताना तेलाची धार. ते तेल हळूहळू खाली उतरतं आणि नेमकं जिथं दणका बसतो त्या लाकडात जाऊन बसतं. असं लाकूड कुजत नाही खरं दुबळं होतं. त्यावर उपाय आहे, खडूची पांढरी भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून लेप लावायचा, वाळला की भुकटी तेल ओढून पिवळी पडते, ती झटकून परत लेप, असं भुकटी पांढरीच राहीपर्यंत. तेल निघाल्याशिवाय कुठलाही गोंद धरणार नाही, नुसतं फेव्हिकॉल भरून दिलेली दुरुस्ती महिन्यात सुटते ती ह्यामुळंच. तेल काढून, इपॉक्सी आत पोचवून, गरज पडली तर आतनं पिन घालून मुठीचा तडा चांगला सांधता येतो. एनसीसीत .303 हाताळलेल्यांना इशापूरच्या रायफलीच्या लाकडातनं आडवा गेलेला स्क्रू आठवत असेल, तो लाकूड फाटू नये म्हणूनच घातलेला. आजोबांचं लाकूड वाचत असेल तर वाचवा. आणि यापुढं पुसून झाल्यावर बंदूक एक रात्र नळ्या खाली करून, खाली जाड कापड घालून ठेवत जा.

प्रश्न (बेळगाव) : मी मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, सध्या काश्मीरला पोस्टिंग. इथं अक्रोडाचं लाकूड डोळ्यासमोर आहे. परदेशी ठोकळा घेण्यापेक्षा इथलाच आणला तर? इंग्लिश, तुर्की, फ्रेंच अक्रोड म्हणतात ते वेगळं झाड आहे काय?

उत्तर : झाड एकच. इंग्लिश, फ्रेंच, तुर्की, सर्केशियन, काश्मिरी ही सगळी जुग्लान्स रेजिया, आपण अक्रोड फोडून खातो ते. नाव पडतं ते कुठल्या मातीतनं आलं त्यावर. हळू वाढलेल्या झाडाच्या लाकडाच्या रेषा जवळजवळ असतात, लाकूड घट्ट असतं. अमेरिकेतला काळा अक्रोड मात्र वेगळी जात, रंगानं गडद, छिद्रं जरा मोकळी. कॅलिफोर्नियाचा क्लॅरो तिसरी जात, नक्षी त्याची डोळे दिपवणारी खरं लाकूड मऊ, फार बारीक जाळी त्यावर टिकत नाही.

काश्मीरमध्ये कोरीवकाम करणारे कारागीर मुळाचं, खोडाचं आणि फांदीचं लाकूड वेगवेगळं मोजतात. मुळाकडचं जवळजवळ काळपट आणि सगळ्यात घट्ट, फांदीचं फिकट. दस्त्याला खोडाचा खालचा भाग, मुळाच्या जवळचा, तो बघा. तिथं रंगही असतो आणि खोडाकडं जाताना रेषा सरळ होत जातात, म्हणजे नक्षी मागं आणि सरळ रेषा मुठीत असा ठोकळा निघण्याची शक्यता जास्त. खरं तिथं अक्रोडाचं झाड कायद्यानं राखलेलं आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही. त्यामुळं बिलासकट, अधिकृत लाकूड व्यापाऱ्याकडनंच घ्या, वाहतुकीचे कागद बरोबर ठेवा. फर्निचरसाठी कापलेल्या दीड इंची फळीचा दस्ता होत नाही, तुम्हाला साधारण अडीच इंच जाड, सात इंच रुंद आणि दीड फूट लांब तुकडा पाहिजे.

आणि मग थांबायची तयारी ठेवा. सावलीत वाळवायचं तर इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब आहे, म्हणजे ताजं लाकूड असेल तर अडीच-तीन वर्षं. दोन्ही टोकांना मेण नाहीतर ऑइल पेंट लावा, टोकं आधी वाळतात आणि तिथनंच चिरा आत शिरतात. पंख्याखाली नको, गच्चीवर तर अजिबात नको, पलंगाखाली दोन पट्ट्यांवर ठेवा म्हणजे खालून हवा जाईल. महिन्याला एकदा घरच्या वजनकाट्यावर ठेवून त्याच ठोकळ्यावर पेन्सिलनं तारीख आणि ग्रॅम लिहीत जा. आकडे उतरत उतरत एका जागी थांबले की लाकूड घराच्या हवेशी जुळलं. विक्रेता म्हणाला वाळलेलंच आहे, 8-10 टक्केच ओलावा आहे, तरीसुद्धा बेळगावला आणल्यावर एक पावसाळा आणि एक उन्हाळा घरात काढू द्या आणि मगच कारागिराकडं न्या. काश्मीरच्या कोरड्या थंडीतलं लाकूड आपल्या जुलैत फुगणार, आणि फुगलेल्या लाकडात लोखंड बसवलं तर मार्च-एप्रिलला फटी पडणार.

प्रश्न (टिळकवाडी) : काका, मी ट्रॅप शूटिंग (हवेत उडणाऱ्या तबकड्यांवर नेम) शिकतेय. सेकंडहँड इटालियन ओव्हर-अंडर (एकावर एक नळ्यांची बंदूक) बघतोय, एकच मॉडेल खरं एकाचं लाकूड साधं आणि दुसऱ्याचं वरच्या ग्रेडचं, पैशात बराच फरक. बाबा म्हणतात चांगलंच घे. स्कोअरमध्ये फरक पडतो काय?

उत्तर : बाळ, काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो दस्त्याच्या मापानं. लांबी तुझ्या हाताला बरोबर आहे का, गाल टेकल्यावर डोळा नळीच्या बरोबर वर येतो का, मूठ तुझ्या बोटांना भरते का. बाजारातले बहुतेक दस्ते उंच पुरुषांच्या मापाचे असतात, मुलींना लांब पडतात आणि मग मान पुढं ताणायची सवय लागते, ती पुढं फार त्रास देते. साध्या लाकडाची बंदूक घेऊन उरलेल्या पैशात दस्ता मापाचा करून घे, आणि तरी उरले तर काडतुसं. 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं कांस्य आणलं तेव्हापासून आपल्या पट्ट्यातली कितीतरी पोरं-पोरी रेंजवर जायला लागलीत, त्यांना आणि त्यांच्या आईबाबांना माझं हेच सांगणं आहे.

एक गोष्ट मात्र बघून घे. काही कंपन्या साध्या लाकडावर वरच्या ग्रेडच्या रेघा छापून देतात. चालायला ती बंदूक चांगलीच असते, खरं छापलेल्या रेघेला खऱ्या लाकडाचे पैसे द्यायचे नाहीत. खिडकीजवळ नेऊन दस्ता हळूहळू फिरव, खरी नक्षी उजेडाबरोबर गडद-फिकी होत सरकते, छापलेली आहे तिथंच राहते. मागचं रबरी पॅड काढून दाखवायला सांग, बाहेरची काळी रेघ आत लाकडाच्या टोकावरपण दिसली पाहिजे.

प्रश्न (चिकोडी) : निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक जमा केलेली, परत मिळाली तेव्हा दस्त्यावर पांढरी बुरशी आणि पॉलिश फुगलेलं. गेल्या वर्षीच हजारो रुपये घालवून वरच्या ग्रेडचं लाकूड बसवलंय. लाकूडच खराब दिलं काय?

उत्तर : लाकडाचा दोष दिसत नाही. ग्रेड कितीही वरची असली तरी ओल लाकडात शिरते ती टोकांतनं, आणि पॉलिश करणारे बाहेरनं चकचकीत करतात आणि टोकं कोरडी सोडतात. रबरी पॅड काढून बघा, आतलं लाकूड फिकं, कोरडं, ब्लॉटिंग पेपरसारखं दिसत असेल तर तिथनंच दमटपणा चढलाय. बेचक्याच्या नक्षीचं लाकूड असेल तर आणखी, कारण त्यात कापलेल्या रेषांची तोंडं सगळ्या पृष्ठभागावर उघडी असतात.

बुरशी कोरड्या कापडानं पुसून स्पिरिटचा हात फिरवा. फुगलेलं वॉर्निश कारागिराकडनं उतरवून घ्या, काचेसारख्या जाड थरापेक्षा तेलाचं फिनिश आपल्या हवेला बरं, खराब झालं तर तेवढाच भाग घरी दुरुस्त होतो. कच्चं जवसाचं तेल वापरू नका, ते आठवडे-आठवडे चिकट राहतं आणि बुरशी त्यावरच वाढते. डबल बॉइल्ड घ्या, चार थेंब बोटावर, तळहातानं गरम होईपर्यंत चोळायचं, अर्ध्या तासानं उरलेलं सगळं पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी परत. पातळ हात जास्त, जाड हात एकही नको. पॅडखालचं टोक आणि ॲक्शनच्या आतलं लाकूड मात्र दोन-तीन हात पॉलियुरेथेननं बंदच करून टाका. पुढच्या वेळी जमा करताना बंदूक फोमच्या किंवा रेक्झिनच्या बंद कव्हरात देऊ नका, त्यात दमटपणा कोंडतो, सुती कापडाच्या पिशवीत द्या आणि पावती घेताना दस्त्याची अवस्था त्यावर लिहून घ्या.

तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि ढिगातले बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. उघडे पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका.